सातारची वाट : महर्षी धोंडो केशव कर्वे

कोकणातून देशावर जायचे तर मध्ये सह्याद्री उभा आहे. पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला या पर्वताची उंच रांग, यांच्यामध्ये कोकणची चिंचोळी पट्टी वसलेली आहे. आज मोटारीने घाट चढणाऱ्या प्रवाशाला त्या चढणीची फारशी जाणीव होत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र सामान्य माणसाला हा पर्वत बहुधा पायांनीच ओलांडावा लागे. डोक्यावर वळकटी, कमरेला शिधा आणि सोबतीला चार माणसे, एवढ्या तयारीवर लोक वाटेला लागत.

१८७५ सालच्या पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड या गावचे काही तरुण असेच घराबाहेर पडले. त्यांना साताऱ्याला जायचे होते. तेथे सरकारी परीक्षा होती. त्यांच्यातील एक मुलगा सतरा वर्षांचा होता. अंगाने किरकोळ आणि स्वभावाने भिडस्त असलेला हा मुलगा वयापेक्षा लहान दिसे. मुरुड ते सातारा हे अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ १७७ किलोमीटर होते. ते त्याने भर पावसात पायी तोडले. या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे म्हणून सारा देश त्यांना ओळखू लागला.

मुरुडचे बालपण

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या गावी, आजोळी झाला. त्यांचे घर दापोली तालुक्यातील मुरुड येथे होते. हे गाव हर्णे बंदराच्या जवळ, समुद्रकिनाऱ्यावर आहे. वडिलांचे नाव केशवपंत आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. घरची स्थिती बेताची होती. काटकसर, कष्ट आणि कोणाचे देणे न ठेवणे, हे संस्कार धोंडोला घरातूनच मिळाले.

मुरुडच्या शाळेत विनायक लक्ष्मण सोमण नावाचे शिक्षक होते. आपल्या विद्यार्थ्यांनी पुस्तकातील धड्यांपुरते न शिकता गावाच्या उपयोगी पडावे, अशी त्यांची तळमळ असे. त्यांच्या प्रेरणेने धोंडो गावच्या दुर्गादेवीच्या देवळात जमणाऱ्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवू लागला. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत जगातील बातम्या अशा पोहोचत. स्वतःला आलेली अक्षरे दुसऱ्यासाठी वापरण्याचा हा पहिला धडा धोंडोच्या मनात खोलवर रुजला.

त्या काळी मराठी सहाव्या इयत्तेची परीक्षा उत्तीर्ण होणे ही मोठी गोष्ट मानली जाई. ही परीक्षा दिलेल्या तरुणाला शिक्षकाची किंवा कारकुनाची नोकरी मिळण्याची शक्यता असे. गरीब घरातील मुलाला उपजीविकेचा याहून खात्रीचा मार्ग दिसत नव्हता. परीक्षेला बसण्यासाठी वयाची अट होती. धोंडोला त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात सतरा वर्षे पूर्ण झाली होती. अभ्यासही चांगला झाला होता. आता परीक्षेच्या ठिकाणी वेळेवर पोहोचणे तेवढे उरले होते.

डोंगराची चढण

कोकणच्या माणसाला समुद्राची वाट जवळची वाटे. हर्णे बंदरातून मुंबईकडे जाणे सोयीचे होते. परंतु पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि जलमार्गाचा भरवसा राहत नाही. साताऱ्याचे केंद्र जमिनीच्या मार्गाने गाठता येण्याजोगे होते, मात्र त्यासाठी सह्याद्री ओलांडणे भाग होते. रोज पंचवीस मैलांची मजल मारली, तरी या प्रवासाला चार दिवसांहून अधिक काळ लागणार होता. परीक्षेची तारीख ठरलेली होती. पाऊस थांबण्याची वाट पाहणे परवडणारे नव्हते.

पावसाळ्यातील सह्याद्रीची चढण म्हणजे काय, हे समजण्यासाठी या पर्वताचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. अरबी समुद्रावरून येणारे वारे बाष्पाने भरलेले असतात. ते या उंच रांगेला अडतात आणि वर चढू लागतात. वर गेल्यावर हवा थंड होते व बाष्पाचे पाणी बनते. त्यामुळे घाटाच्या उतारांवर आणि माथ्यावर मुसळधार पाऊस कोसळतो. कोकणातील नद्या लांबीने लहान असल्या, तरी अशा पावसात त्या पाहता पाहता फुगतात. पूल नसलेल्या ठिकाणी प्रवाशाला उतार शोधावा लागतो, नाहीतर पाणी ओसरेपर्यंत काठावर बसून राहावे लागते.

सखल कोकणातील भातखाचरांची वाट संपली, की खरी चढण सुरू होते. समुद्रकाठच्या मुरुडहून निघालेल्या माणसाला घाटमाथा गाठेपर्यंत सुमारे दोन हजार फूट चढून जावे लागते. पावसाळ्यात या वाटांवरून पाण्याचे लोट वाहतात. दगडांवर शेवाळ धरते आणि पाय ठरत नाही. दाट धुक्यामुळे दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. रानातील जळवा पायांना चिकटतात. अंगावरचे इरले किंवा घोंगडे पाण्याने जड होते. जवळची भाकरी भिजते आणि रात्री कोरडी जागा मिळेलच, याची खात्री नसते. माथ्यावर पोहोचल्यावरही प्रवास संपत नाही. पलीकडे कोयनेचे खोरे आणि त्यापुढेही डोंगरांच्या रांगा असतात. त्या पार केल्यावर साताऱ्याचा परिसर येतो.

अशा वाटेवर सोबत्याचे मोल कळते. निसरड्या जागी एकाने हात द्यावा आणि दुसऱ्याने पुढे जावे, ओढा ओलांडताना एकमेकांना धरून राहावे, एकजण थकला तर सर्वांनी थांबावे, हा घाटवाटेचा अलिखित नियम आहे. शेजारी चालणारा मित्रही भिजलेला आणि दमलेला असतो. तरी तो चालत असतो, म्हणून आपलीही पावले पडत राहतात. मुरुडचे हे तरुण अशा सोबतीच्या बळावर डोंगर चढून गेले आणि परीक्षेसाठी साताऱ्याला येऊन पोहोचले.

सातारचा नकार

एवढे कष्ट करून आलेल्या धोंडोची परीक्षेच्या ठिकाणी वेगळीच कसोटी लागली. तेथील अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्या वयाविषयी शंका घेतली. धोंडोची चण लहान होती आणि चेहरा कोवळा होता. हा मुलगा परीक्षेला बसण्याच्या वयाचा नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. त्याचे वय प्रत्यक्षात पूर्ण झालेले होते. परंतु अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना दिसले, तेच प्रमाण मानले गेले. त्याला परीक्षेला बसू देण्यात आले नाही.

या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. एका खेड्यातील भिडस्त मुलगा अधिकाऱ्यांशी वाद तरी किती घालणार? त्याने अभ्यास केला होता, पण त्याला एकही प्रश्न विचारला गेला नाही. डोंगराने, नद्यांनी आणि पावसाने त्याला अडवले नव्हते. ज्या दारासाठी तो एवढे चालून आला, ते दार मात्र त्याच्यासमोर बंद झाले. या अपेक्षाभंगाने त्याचे मन पिळवटून निघाले. पुढे लिहिलेल्या ‘आत्मवृत्त’ या आत्मचरित्रात कर्वे यांनी हा प्रसंग आवर्जून नोंदवला आहे. आयुष्यात मोठी कामे केलेल्या माणसाला तरुणपणातील हा नकार विसरता आला नाही, यावरून त्या जखमेची खोली लक्षात येते.

अशा वेळी दोन मार्ग असतात. आपल्या नशिबी शिक्षण नाही असे मानून थांबणे, हा एक मार्ग होय. मुरुडमध्ये राहून काहीतरी लहानसहान काम करणे धोंडोला शक्य होते. कोणी त्याला दोषही दिला नसता. परंतु त्याने दुसरा मार्ग धरला. तो पुन्हा अभ्यासाला लागला. पुढे त्याने कोल्हापूरच्या केंद्रातून हीच परीक्षा दिली आणि तो उत्तीर्ण झाला.

उशिरा मिळालेले शिक्षण

मराठी परीक्षा झाल्यावर इंग्रजी शिक्षणाची ओढ धोंडोपंतांना स्वस्थ बसू देईना. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईला गेले. १८८१ साली रॉबर्ट मनी शाळेतून ते मॅट्रिक झाले. त्या वेळी त्यांचे वय तेवीस वर्षांचे होते. त्यांचा विवाह पंधराव्या वर्षीच झाला होता. पत्नी राधाबाई तेव्हा अगदी लहान होत्या. संसाराची जबाबदारी आणि शिक्षण ही दोन्ही ओझी त्यांना एकाच वेळी वाहावी लागली. आपल्यापेक्षा लहान मुलांच्या बरोबरीने वर्गात बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. शिकवण्या करून त्यांनी खर्च भागवला आणि १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळवली.

मुंबईत असताना देवरुखचे नरहरपंत जोशी यांच्याशी त्यांची घट्ट मैत्री जुळली. दोघे एका बिऱ्हाडात राहत. या मैत्रीने पुढे कर्वे यांच्या आयुष्याला मोठे वळण दिले.

१८९१ साली राधाबाईंचे निधन झाले. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९१४ सालापर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. विद्यार्थी आणि स्नेही त्यांना आदराने अण्णा म्हणू लागले.

दुसरा डोंगर

पत्नीच्या निधनानंतर अण्णांनी पुन्हा विवाह करावा, असा आग्रह होऊ लागला. त्या काळी पुरुष कितीही मोठा असला, तरी त्याचा दुसरा विवाह लहान मुलीशी लावण्याची रीत होती. याउलट, आठ-दहा वर्षांच्या मुलीचा पती वारला, तर तिला जन्मभर विधवा म्हणून राहावे लागे. तिचे केस काढले जात. तिला शुभकार्यात स्थान नसे. शिक्षणाचा तर प्रश्नच नव्हता. विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला होता. परंतु कायद्याने परवानगी दिली, तरी समाज ती देत नव्हता.

अण्णांनी ठरवले, की विवाह करायचा तर विधवेशीच करायचा. नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली होती. १८८९ साली पंडिता रमाबाई यांनी मुंबईत शारदा सदन ही संस्था काढली. त्या संस्थेची पहिली विधवा विद्यार्थिनी होण्याचा मान गोदूबाईंना मिळाला. त्या वेळी त्यांनी विशी ओलांडली होती. ज्या वयात इतर स्त्रिया चार मुलांच्या आई झालेल्या असत, त्या वयात त्या पाटी-पेन्सिल घेऊन शिकायला बसल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात अण्णा आणि गोदूबाई यांचा विवाह झाला. विवाहानंतर गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे सारे त्यांना बाया कर्वे म्हणत.

या विवाहाची किंमत दोघांना मोजावी लागली. मुरुडच्या मंडळींनी अण्णांवर बहिष्कार घातला. अण्णा घरी येऊन राहिले, तर त्यांच्या घरच्या माणसांनाही वाळीत टाकले जाईल, अशी वेळ आली. ज्या देवळात बसून त्यांनी गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवले होते, त्या गावात आता त्यांना बसायला जागा उरली नाही. साताऱ्याला परक्या अधिकाऱ्यांनी नाकारले होते. येथे आपल्याच माणसांनी नाकारले. तरीही अण्णांनी गावाचा द्वेष केला नाही आणि आपला निश्चयही सोडला नाही.

हिंगण्याची पायवाट

१८९३ साली अण्णांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. परंतु लवकरच त्यांच्या लक्षात आले, की प्रश्न विवाहाने सुटण्यासारखा नाही. हजारो विधवांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे. त्यासाठी शिक्षण हाच उपाय होता. या विचारातून १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आपल्या शिलकीतील रक्कम त्यांनी या कामाला दिली आणि दारोदार जाऊन वर्गणी गोळा करण्यास सुरुवात केली.

त्या वर्षांत पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात आश्रम चालवणे कठीण झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळच्या हिंगणे या खेड्यात सहा एकर जागा आणि ७५० रुपये दिले. १९०० साली तेथे एक झोपडी उभी राहिली आणि आश्रम त्या ठिकाणी गेला. आज हा भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि पुणे शहराच्या वस्तीत सामावून गेला आहे. तेव्हा मात्र ते शहराबाहेरचे ओसाड माळरान होते. तेथे जाण्यास धड रस्ताही नव्हता.

आता अण्णांचे पायी चालणे पुन्हा सुरू झाले. दिवसभर महाविद्यालयात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. आश्रमाला लागणारे सामान ते स्वतः वाहून नेत. वाट शेतांच्या बांधांवरून आणि चिखलातून जाई. पावसाळ्यात तिचे हाल विचारायला नकोत. आश्रमात पोहोचल्यावर ते विद्यार्थिनींना शिकवत. पुण्यातील एक प्राध्यापक काखेत सामान घेऊन चिखल तुडवत जातो, हे पाहून अनेकजण हसत. काही लोक त्यांची निंदा करत. अण्णा कोणाला उत्तर देत नसत.

या वाटेची चढण सह्याद्रीइतकी उंच नव्हती. मात्र सह्याद्री काही दिवसांत ओलांडून झाला होता आणि ही वाट रोज चालावी लागत होती. एका दिवसाचे साहस उत्साहाच्या भरात पार पडते. वर्षानुवर्षे तेच कष्ट करण्यासाठी वेगळे बळ लागते. सतराव्या वर्षी पायांना आणि मनाला लागलेली सवय अण्णांच्या या कामी आली.

येथेही ते एकटे नव्हते. आनंदीबाईंनी घरसंसाराचा भार उचलला. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले यांना विसाव्या वर्षी वैधव्य आले होते. त्यांनी वयाने मोठ्या झाल्यावर शिक्षण घेतले आणि आश्रमाच्या कामाला स्वतःला वाहून घेतले. गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी जमवली. पुढे इंग्रजीचे फारसे ज्ञान नसताना त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. ज्यांना समाजाने कोपऱ्यात बसवले होते, त्याच स्त्रिया अण्णांच्या वाटेवरील सोबती झाल्या.

झोपडीपासून विद्यापीठापर्यंत

१९०७ साली अण्णांनी महिला विद्यालय सुरू केले. विधवांबरोबर इतर मुलींनाही तेथे शिक्षण मिळू लागले. संस्थेसाठी निःस्वार्थपणे काम करणारे कार्यकर्ते तयार व्हावेत, म्हणून त्यांनी निष्काम कर्ममठाची स्थापना केली.

१९१५ साली मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. त्यापूर्वी जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती. आपल्या देशातही स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, ही कल्पना त्यांनी परिषदेत मांडली. अनेकांना ती अशक्य कोटीतील वाटली. मुलींच्या शाळाच जेथे अपुऱ्या होत्या, तेथे विद्यापीठ कसे चालणार, अशी शंका घेतली गेली. अण्णांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू करून दाखवले. आरंभीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकवावा, असे या विद्यापीठाचे धोरण होते. घरात इंग्रजीचे वातावरण नसलेल्या मुलींना यामुळे उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली.

विद्यापीठ काढताना अण्णांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९२० साली उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींच्या नावावरून विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ असे नाव मिळाले. हेच आजचे एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठ होय.

वय आड आले नाही

१९२९ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा परदेश प्रवासाला निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान येथे जाऊन त्यांनी आपल्या कार्याची माहिती दिली आणि विद्यापीठासाठी मदत मिळवली. बर्लिनमध्ये त्यांची थोर शास्त्रज्ञ अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. त्यानंतर ते आफ्रिकेतही जाऊन आले.

परत आल्यावर त्यांनी विश्रांती घेतली असती, तर ते योग्यच ठरले असते. परंतु त्यांचे लक्ष खेड्यांकडे वळले. अनेक लहान गावांत त्या वेळी शाळा नव्हत्या. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले. जेथे शाळा नाही तेथे ती सुरू करावी आणि खेड्यातील प्रौढ माणसांची वाचनाची सवय टिकून राहावी, यासाठी त्यांनी प्रयत्न केले. मुरुडच्या देवळातील वर्तमानपत्राच्या वाचनापासून सुरू झालेले काम साठ वर्षांनंतरही चालूच होते. १९४४ साली माणसामाणसांतील भेद दूर करण्याच्या हेतूने त्यांनी समता संघाची स्थापना केली.

समाजाने आरंभी ज्यांना वाळीत टाकले, त्यांच्या कार्याचा पुढे देशाने गौरव केला. १९४२ साली बनारस हिंदू विद्यापीठाने, १९५१ साली पुणे विद्यापीठाने आणि १९५७ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. १९५५ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान त्यांना देण्यात आला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

महर्षी कर्वे यांच्या दीर्घ आयुष्यात मानसन्मानाचे अनेक प्रसंग आले. तरी त्यांचे चरित्र वाचताना १८७५ सालचा तो पावसाळी प्रवास पुन्हा पुन्हा आठवतो. ११० मैल चालून गेलेल्या मुलाला वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवण्यात आले होते. त्याच मुलाने पुढे, कोणाचेही वय शिक्षणाच्या आड येत नाही, हे स्वतःच्या कृतीने सिद्ध केले. तेवीस वर्षांचा मॅट्रिकचा विद्यार्थी, विशी ओलांडल्यावर शिकायला बसलेली विधवा आणि खेड्यातील वाचू पाहणारा प्रौढ माणूस, या सर्वांना त्यांच्या कार्यात स्थान मिळाले.

सातारची ती परीक्षा धोंडो कर्वे यांना देता आली नाही. परंतु त्या वाटेवर ते जे शिकले, ते त्यांना जन्मभर पुरले. पावसाने वाट निसरडी होते, धुक्यात पुढचे दिसत नाही आणि कधी कधी मुक्कामाला पोहोचूनही परत फिरावे लागते. तरीही सोबत्यांचा हात धरून पुढचे पाऊल टाकता येते. हिंगण्याच्या माळावर जेव्हा पहिली झोपडी उभी राहिली, तेव्हा तिचे दार अशाच परत पाठवलेल्या माणसांसाठी उघडले गेले.